मी न घेतलेली शिबिरं

लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी सांगायचे, "वजनं तपासते." समोरची बाई आधी स्वतःकडे बघायची आणि मग हळूच विचारायची, रात्रीचा भात बंद केला तर फरक पडतो का. वजनमापे निरीक्षक नावाचा सरकारी माणूस असतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं ते आम्ही बाजारात दिसलो की तागडी पोत्याखाली सरकवतात.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं भोरला गेली. भोर आणि वेल्हे असे दोन तालुके माझ्याकडे होते. काम सांगायला सोपं आहे. जुन्या लोखंडी वजनाला एक खळगा असतो आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन झिजून हलकं झालं तर आणखी शिसं ओतायचं, जड झालं तर खरवडून काढायचं. बरोबर भरलं की त्या शिशावर पोलादी ठसा ठेवून हातोडी मारायची. ठशात निरीक्षकाचा क्रमांक असतो आणि तो कुठल्या काळात मारला हे सांगणारं एक अक्षर. सही कुणीही गिरवू शकतो. शिशावर माझा क्रमांक उमटवायचा तर माझाच ठसा हातात असावा लागतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. भोरच्या बाजारात एका भाजीवालीच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडला. तिने शांतपणे सांगितलं, "म्या चिंच खातच न्हाई, मंग ती माझी कशी?" भोंगवलीला दोन भावांनी मला कांद्याच्या ढिगापाशी नेलं. एकाचा दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास नव्हता. दोन्ही काटे तपासले, दोन्ही बरोबर निघाले. त्यावर दोघांचाही माझ्यावरचा विश्वास उडाला.

असल्या गोष्टी मी हसत सांगत आले आहे. पुढची मात्र कुणाला सांगितलेली नाही. निवृत्त झाले आहे, आता सांगते. वाड्यांची आणि माणसांची नावं तेवढी बदलली आहेत.

आमच्या कामात निरीक्षकाने फक्त तपासायचं असतं. दुरुस्ती करतो तो परवाना असलेला दुरुस्तीवाला. आम्ही वाड्यावस्त्यांवर शिबिर घेतो तेव्हा तो शेगडी, शिसं, पळी, ऐरण घेऊन बरोबर येतो. माझ्याबरोबर रंगनाथ ओतारी यायचे. भोरच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. माणूस बोलायला कमी आणि हाताला अचूक. ते हातावर वजन तोलून "पावतोळा कमी" म्हणायचे आणि माझा काटा नंतर तेच सांगायचा. ठसाही बहुतेक वेळा तेच मारायचे, मी शेजारी उभी राहायचे. हे नियमात बसत नाही, पण चाळिशीनंतर माझा हात कापायचा आणि त्यांचा कापत नसे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत रंगनाथ गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नीचा, शकुंतलाबाईंचा अर्ज आला. पतीचा परवाना आपल्या नावे व्हावा, आपण वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून हेच काम केलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. अनुभवाचा दाखला जोडलेला नव्हता. दाखला देणार कोण? देणारा वारला होता. मी शेरा मारला, 'अनुभवाचा पुरावा नाही. त्रुटीपूर्ततेसाठी परत.' बाई खिडकीशी उभ्या होत्या. कागद घेतला, घडी घातली आणि गेल्या. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही.

त्याच पावसाळ्यात वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर शिबिरं लावायची होती. मला स्वतःला करोना होऊन गेला होता, चार पायऱ्या चढले तरी छाती भरून यायची. गाडी नव्हती, बरोबर यायला शिपाई नव्हता. कार्यक्रमाचा कागद मात्र ठरल्याप्रमाणे निघाला. उंबरमाची, करवंदमाळ आणि वरचा धनगरवाडा, अशा तीन तारखा. प्रत ग्रामपंचायतींना, प्रत दुरुस्तीवाल्यांना. मी तिन्ही दिवस घरी पडून होते आणि दैनंदिनीत लिहिलं, 'शिबिर घेतले. प्रतिसाद अल्प.' प्रतिसाद अल्प लिहिलं की आणखी काही दाखवावं लागत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीत राहिलं की येतं.

महिन्याभराने एक व्यापारी कचेरीत आला. तो डोंगरातल्या लोकांकडून हिरडा विकत घ्यायचा. समोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, माझं पाच किलोचं वजन जप्त केलंत, त्याची पावती राहिली."

मी म्हटलं, "कुठं?"

"उंबरमाचीला. शिबिरात."

मला वाटलं, मी कधीच गेले नाही हे याला कळलंय आणि हा मला खेळवतोय. त्याचा चेहरा बघितला. तो अगदी सरळ होता.

"तुम्ही स्वतः होतात का तिथे?"

"हे काय विचारता? तुमच्यासमोर उभा होतो. तुम्ही मास्क लावला होता, डोक्याला रुमाल. वजन हातात घेतलंत आणि म्हणालात, 'शेठ, ह्यानं शिसं लई खाल्लंय.' सगळ्या लोकांसमोर म्हणालात. आता डोंगरातलं कुणी मला हिरडा घालत नाही. वजन बरोबर होतं असा कागद द्या, नाहीतर मला वर लिहावं लागेल."

मी उठून कपाटातून दैनंदिनी काढली. त्याला दाखवायला नाही, मलाच बघायचं होतं. तारीख तीच होती आणि माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, उंबरमाची, शिबिर घेतले. मी तिथे नव्हते, असं मला म्हणता येत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला तो त्याच्या धमकीने नाही. मी घरी गोधडीत पडले होते त्या दिवशी, त्या तासाला, माझ्या नावाचं कुणीतरी डोंगरावर काम करत होतं.

"आठ दिवसांनी या," मी म्हटलं.

दौरा म्हणून जाता येत नव्हतं, कारण कागदावर मी तिथे जाऊन आलेले होते. म्हणून नैमित्तिक रजा टाकली. मार्गासनीच्या पुढे जीप बदलली आणि रस्ता संपला तिथून चालत निघाले. ढग डोंगरावर उतरलेले होते. दहा पावलांपलीकडे दिसत नव्हतं. कारवीच्या झाडोऱ्यातून गुरांच्या घंटा वाजायच्या, पण गुरं दिसायची नाहीत. एकदा अगदी जवळून बाईच्या चालण्याचा, चपलांचा आवाज आला. मी थांबले, तर तोही थांबला. पुढे जाऊन बघितलं तर कुणी नव्हतं. तो माझ्याच पावलांचा आवाज दरडीवर आपटून येत असणार. तेव्हा मात्र तसं वाटलं नाही.

उंबरमाचीत एकच दुकान होतं, बबनरावांचं. म्हातारा दारातच बसला होता. मला पाहून तो उठला.

"या म्याडम. दम लागला व्हय? मागल्या खेपंला तर झपाझपा चढला हुता."

मी मुद्दाम मास्क काढला आणि त्याच्यासमोर चेहरा धरून उभी राहिले. त्याने बघितलं आणि समाधानाने मान हलवली. "आता कसं, त्वांड दिसलं. पर आवाजावनंच वळखलं म्या."

तोवर मी एक शब्दही बोलले नव्हते.

त्याने आत नेलं, एक पाट सरकवला. "बसा. तुमचीच जागा. हितंच बसला हुता न्हवं, भिताडाकडं त्वांड करून. उजेड त्या फटीतनं येतो म्हनला." मी त्या पाटावर बसले. उजेड खरोखर तिथेच येत होता. मी सांगितल्यावर त्याने वजनं आणून ठेवली. एक किलोचं उलटं केलं. शिसं ताजं होतं आणि त्यावर माझा क्रमांक होता. ठसा सरळ, खोल, कडा स्वच्छ. शेजारचं अक्षर मात्र आधीच्या सालचं होतं.

तेवढ्यावरून मला ठसा कुठला ते कळलं. टाळेबंदी लागली त्या आठवड्यात शेवटचं शिबिर घाईने गुंडाळलं होतं आणि ठसा रंगनाथांच्या सामानात तसाच ठेवून मी मिळेल त्या गाडीने निघून आले होते. पुढे कचेरी उघडली, नवा ठसा आला, जुना मोडून टाकल्याची नोंद करायची होती. मी पेटी उघडून न बघताच लिहिलं होतं, 'बाद केला.'

बबनराव आतून काहीतरी घेऊन आला. "ही तुमची पळी. इसरला हुता. म्या जपून ठिवली."

शिसं वितळवायची लोखंडी पळी होती ती. दांड्यावर छिन्नीने एक 'रं' कोरलेला होता. ती पळी मी दहा वर्षं पाहिली होती. तिच्यातून शिसं ओतणाऱ्या हाताला अग्नी देऊन सहा महिने झाले होते. मी ती हातात घेतली. थंड होती, बुडाला शिशाचा ताजा पापुद्रा होता.

"बरोबर कुणी गडी होता का माझ्या?" मी विचारलं. असा प्रश्न विचारताना आवाज कसा होतो ते मी सांगू शकत नाही.

"न्हाई. तुमी येकल्याच हुता." मग म्हणाला, "आधी तुमी लई येळ गपच बसला हुता. लोकं तागड्या घिऊन आलती, ऊन कलाया लागलं. मंग म्याच म्हनलं, म्याडम, चालू करा की."

तिथून वरचा धनगरवाडा तासाभराच्या अंतरावर होता. खरं तर परतायला हवं होतं, पण पाय वर वळले. सात-आठ खोपटी, एक गोठा, शेळ्यांचा वास. ढगात सगळं अर्धंमुर्धं दिसत होतं. ठकूबाई नावाची म्हातारी पुढे आली. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

मी म्हटलं, "मी वजनमापाची मॅडम. शिबिराला आले होते ना, तीच."

"न्हाई," ती म्हणाली.

"काय नाही?"

"तुमी न्हाई त्या." तिने माझा हात धरला, तळवा वर केला आणि अंगठ्याने चाचपला, जसा शेळीचा कान बघतात. "त्या बाईच्या हाताला भाजल्याचे वण हुते. घट्टे हुते. ह्यो कागदाचा हात हाय. तुमी कोन म्हनायच्या?"

खाली मी नसताना मला ओळखणारा माणूस भेटला होता आणि वर मी असताना मला नाकारणारी ही बाई. मी ओळखपत्र काढलं. तिने ते बघितलं सुद्धा नाही.

"त्या बाईनं खाली उंबरमाचीला शेठचं वजन आमच्या म्होरं काट्यावर घातलं," ती सांगू लागली. "पाच किलोचं म्हनून ठिवायचा, आन ते भरलं सव्वापाचाच्या वर. आमी किती वर्सं हिरडा घालतोय त्याला. पोरी झाडाखाली वाकून वाकून येचत्यात. कुनी दावलं न्हवतं आमाला. तुमी सरकारच्या म्हंता, तुमी कुठं हुता?"

मी ओळखपत्र पिशवीत परत ठेवलं. तिने ताक दिलं. मी प्यायले आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भोरच्या त्या बोळात गेले. दुकानाचं एक फळकूट उघडं होतं. शकुंतलाबाई ऐरणीशी बसल्या होत्या. नऊवारी नाही, माझ्यासारखीच साधी सुती साडी, माझ्यासारखाच काळ्या काडीचा चष्मा. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा समोरासमोर पाहत होते. चेहरा माझ्यासारखा अजिबात नव्हता. पण त्यांनी मान वर केली आणि चष्मा बोटाने सारखा केला, ती लकब माझी होती. ती त्यांनी माझी उचलली होती की आधीपासून त्यांचीच होती, मला आजही माहीत नाही.

मी पळी पुढे ठेवली.

"बसा म्याडम," त्या म्हणाल्या. "तुमी येनार म्हनून दार उघडंच ठिवलं हुतं. लई उशीर केलात."

"असं का केलंत, शकुंतलाबाई?"

त्या उठल्या आणि फडताळातून कागदांचा गठ्ठा काढला. आमच्याच कचेरीची पत्रं होती. 'श्री. रंगनाथ ओतारी यांस. आपण खालील शिबिरांस साहित्यासह उपस्थित राहावे.' रंगनाथ गेल्यानंतरची चार पत्रं. यादीतून नाव काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"तुमचं हापिस मला परवाना देईना, आन मेलेल्या मानसाला मातूर दर महिन्याला बोलवायचं," त्या म्हणाल्या. "म्हनलं, त्येंच्या नावानं आलंय, तर जाऊन यावं. तुमी भेटाल, तर माझं काम डोळ्यानं बघाल. मंग त्रुटी राहनार न्हाई. म्या तुमची वाट बघत बसले हुते, म्याडम. उन्ह कललं तरी तुमी आला न्हाईत. लोकांनी वझी आणलेली. त्यो म्हातारा मला म्याडम म्हनला. म्या न्हाई म्हनले न्हाई."

"आणि करवंदमाळला? धनगरवाड्यावर?"

"तिथंबी वाट बघितली. दोन्हीकडं घटकाभर थांबले. मंग ठसा काढला."

त्यांना ठाऊक होतं की हा गुन्हा आहे. सरकारी ठसा वापरणं, निरीक्षक म्हणून मिरवणं, यासाठी मी त्यांना पोलिसांत देऊ शकत होते. आणि दोघींनाही ठाऊक होतं की पोलीस पहिला प्रश्न विचारतील, त्या दिवशी खरी मॅडम कुठे होती? मला राग आला नाही. भीती वाटली, आणि ती संपूर्णपणे स्वतःसाठी होती. हे लिहायला बरं वाटत नाही.

त्यांनी बाकाखालून व्यापाऱ्याचं वजन काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मग एका फडक्यातून माझा ठसा काढला, ऐरणीवर उभा धरला आणि हातोडी माझ्याकडे केली.

"तुमीच मोडा. नोंद तर तुमची हाय."

पहिला घाव चुकला, दुसऱ्याला ठशाचं टोक मोडलं. तिसऱ्याला अक्षरं गेली.

पुढच्या दोन रविवारी मी त्या तिन्ही वाड्यांवर गेले. शकुंतलाबाई बरोबर होत्या, माझी प्रमाणित वजनं त्यांच्याच डोक्यावरच्या टोपलीत. बाईंनी ठसा मारलेलं प्रत्येक वजन मी तपासलं. एकही चुकीचं नव्हतं. दूध मोजायचं एक माप तर त्यांनी मी केलं असतं त्याहून नीट केलं होतं. या जाण्याची कुठे नोंद नाही. नोकरीतली माझी सगळ्यात खरी तपासणी कागदावर झालेलीच नाही, आणि कागदावर आहेत त्या तीन झाल्या नाहीत.

व्यापारी आठ दिवसांनी आला तेव्हा त्याचं वजन माझ्या टेबलावर होतं. मी म्हटलं, "काट्यावर ठेवू?" त्याने वजनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "राहू द्या," आणि गेला. वजन न्यायलाही थांबला नाही. त्याच्यावर खटला भरायला हवा होता. पुरावा समोर होता, साक्षीदार वाडाभर होते. पण पंचनाम्यावर निरीक्षकाची सही लागते, आणि तो निरीक्षक तिथे नव्हता. माझ्या एका ओळीच्या खोटेपणामुळे तो सुटला. त्या डोंगरातल्या बायांना मी एवढं देणं लागत होते आणि तेवढंच मला करता आलं नाही. पुढे तो दुसऱ्या तालुक्यात हिरडा घेतो असं कानावर आलं. तिथे त्याच्याकडे कुठलं वजन असेल, याचा विचार मी अजूनही करते.

शकुंतलाबाईंची फाईल मी परत मागवली. अनुभवाचा दाखला मी स्वतः लिहिला. 'सदर अर्जदाराचे काम मी प्रत्यक्ष पाहिले आहे.' वरून दोनदा प्रश्न आला, कधी पाहिले, कुठे पाहिले. दोन्ही वेळा मी उत्तर दिलं, त्यातलं अर्धं खरं होतं. सहा महिन्यांनी परवाना निघाला. मी तो पोस्टाने न पाठवता हातात नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "यादीतनं त्येंचं नाव आता काढा."

पुढच्या उन्हाळ्यात वेल्ह्याच्या आणखी एका वाडीवर आम्ही शिबिर घेतलं, मी आणि त्या. ही वाडी दोघींनाही नवी होती. लिंबाच्या सावलीत सतरंजी टाकली. शकुंतलाबाईंनी ऐरण मांडली, चष्मा सारखा केला आणि बसल्या. गावातली माणसं एकेक करून आली आणि मी खुर्चीवर बसलेली असूनही आपापली तागडी सरळ त्यांच्यापुढे नेऊन ठेवू लागली. त्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवत होत्या. लोक मागे वळून बघायचे आणि परत त्यांच्याशीच बोलायचे.

एक नवी सून मापं घेऊन रांगेत उभी होती. ती वाकून मला म्हणाली, "बाई, आज मोठ्या म्याडम आल्यात म्हनं. तुमी त्येंच्या हाताखाली हाय का?"

शकुंतलाबाईंनी ऐकलं. त्यांनी फक्त शेगडीकडे बघितलं. निखारे विझत आले होते. मी खुर्चीवरून उठले, "व्हय," म्हटलं, आणि फुंकणी घेऊन शेगडीपाशी बसले.